बावीस भिरभिऱ्यांचं उट्टं

रुक्मिणी राऊळशी वाकडं घेऊ नये, हे नाहूरच्या त्या अठरा मजली इमारतीत वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. बाई दिसायला काही भयंकर नव्हती. त्रेसष्ट वय, बेताची उंची, गुडघे जरा धरलेले, आणि बोलणं कणकवलीहून निघालं ते मुंबईत चाळीस वर्षं काढूनही तसंच राहिलेलं. पण तिने एकदा डूख धरला की धरला. तिचा नवरा बाळा गिरणीतला माणूस. गिरणी बंद पडल्यावर मुलुंडला वॉचमनकी करता करता गेला बिचारा. तो दोस्तांना सांगायचा, "माझी बायल रागवणा नाय रे. ती थांबता."

आणि थांबायची ती! एलबीएस रोडवरच्या एका औषध कंपनीत तिने एकोणीस वर्षं पॅकिंगला काढली. तिथल्या विद्याधर नावाच्या सुपरवायझरने एकदा सगळ्या लाइनीसमोर तिच्या बोलण्याची नक्कल केली. बायका खिदळल्या. रुक्मिणी खाली मान घालून पाकिटं भरत राहिली. चार वर्षांनी, विद्याधरच्या बढतीचं चाललं असताना, वरचे साहेब लाइनीवर आले आणि त्यांनी सहज विचारलं, "काय मावशी, कसं चाललंय?" रुक्मिणी म्हणाली, सगळं झकास चाललंय, फक्त विद्याधरसाहेब पाकिटं न बघताच सह्या करतात. साहेबांनी तपासलं, तर खरंच निघालं. विद्याधरची बढती गेली ती गेलीच.

खोटं ती कधी बोलत नसे, आणि याचा तिला भारी अभिमान होता. माणसाबद्दलचं खरं, योग्य वेळी, योग्य माणसासमोर बोललं की काम होतं, हे तिने जन्मभरात पुरतं ओळखलं होतं. अशा बाईचा पाणउतारा एका बालशाळेच्या फाटकावर झाला, तोही तिच्या नातीच्या देखत. पुढे काय होणार हे तिला ओळखणाऱ्या कोणीही सांगितलं असतं.

तिचा मुलगा निलेश ऐरोलीला एका विमा कंपनीत, सून जान्हवी पवईला कॉम्प्युटरच्या कंपनीत. दोघंही साडेआठच्या आत घराबाहेर. त्यामुळे ऋता, वय वर्षं चार, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात रुक्मिणीची. वेणी ती घाले, डबा ती भरे, आणि दहा मिनिटं चालून पाकोळी बालशाळेत सोडायला आणि आणायलाही तीच. नात तिला 'आजी' म्हणे, ती नातीला 'बाय' म्हणे. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे.

पाकोळी म्हणजे एका जुन्या तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. गेली सव्वीस वर्षं ती उत्तरा दामले नावाच्या बाई चालवत. ताठ पाठ, कडक सुती साडी, आणि प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षरसुद्धा जपून उच्चारायची सवय. त्यांच्या शाळेची एक रीत होती, घरचा शुक्रवार. ज्या मुलाचा वाढदिवस त्या आठवड्यात, त्याच्या घरचं एक माणूस शुक्रवारी तासभर वर्गात यायचं आणि आपल्याला जे येतं ते मुलांबरोबर करायचं. निहारच्या आईने कणकेचा मोठा गोळा आणला, मुलांनी त्याचे साप केले. पुढे थंडीत ओजसच्या आजोबांनी, श्यामसुंदररावांनी, जुनी विजेरी खोलून परत जोडून दाखवली. घरून कोण येणार, ते पालक प्रवेशाच्या वेळी फॉर्मवर लिहून देत. ऋताचा फॉर्म निलेशने भरला होता. रुक्मिणीने तो पाहिला नव्हता, पाहायची गरज आहे असंही तिला वाटलं नव्हतं. दिवसभर पोरीबरोबर कोण असतं? मग येणार कोण?

ऋताचा वाढदिवस ऑगस्टच्या शेवटी. रुक्मिणीने आठवडाभर आधी सोसायटीच्या माळ्याला सांगून ठेवलं, आणि गुरुवारी त्याने नारळाची एक हिरवीगार झावळी कापून वर आणून दिली. शुक्रवारी पहाटे पाचला ती गॅलरीत बसली. नारळाच्या पातीचं भिरभिरं करायला ती तिच्या आजीकडून शिकली होती. दोन पाती आडव्यातिडव्या दुमडायच्या, मधोमध हिराची काडी खोचायची आणि वाऱ्यावर धरायचं. तिने बावीस केली, वर्गातल्या प्रत्येक मुलाला एक, आणि तेविसावं अक्षता टीचरसाठी. अंगावर ठेवणीतली साडी. ऋताने लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगून टाकलं, "माझी आजी आज आमची टीचर आहे!"

फाटकावर अक्षता नव्हती. स्वतः उत्तराबाई उभ्या होत्या.

"आजी, जरा ऐकता का? आज तुम्हाला आत घेता येणार नाही."

"कित्या? आज बायची पाळी मा?"

"पाळी आहे. पण तुमचं नाव यादीत नाही."

"यादी कोणी केल्यान?"

उत्तराबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाल्या, "नियम आहे, आजी. मला माफ करा." आणि त्यांनी ऋताचा हात धरला. ऋताने दुसऱ्या हाताने पिशवीचा बंद सोडला नाही. तो सोडवावा लागला. पोर रडत आत गेली. फाटकाशेजारच्या कट्ट्यावर मुलांना सोडायला आलेले आठ-दहा आजी-आजोबा बसले होते. सगळ्यांनी पायातल्या चपला बघितल्या. रुक्मिणीला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

संध्याकाळी निलेशने बुटांची लेस सोडता सोडता सांगितलं, "अगं, आई नाहीतर बाबाच हवेत म्हणाले ते. शाळेचे नियम असतात, आई. सोड ना." पुढच्या शुक्रवारी जान्हवी अर्धी रजा टाकून गेली, कागदाचे मुकुट केले, एक इंग्रजी गाणं म्हणून आली. ठीक. पण पंधरा दिवसांनी रुक्मिणीने काय पाहावं? गार्गीची आजी, निवृत्त शिक्षिका, मोत्यासारखं बोलणारी, हातात पुस्तक घेऊन फाटकातून सरळ आत! आणि उत्तराबाई हसून तिचं स्वागत करतायत.

म्हणजे नियमबियम काही नव्हता. निलेशलाही त्यांनी गुंडाळलं होतं. आजी चालत होती, ही आजी चालत नव्हती. तिचं 'माका-तुका' त्या स्वच्छ खोलीत चालत नव्हतं. रुक्मिणीच्या डोळ्यांसमोर विद्याधर आला, खिदळणाऱ्या बायका आल्या, आणि एक जुनी आग मस्तकात गेली. मुरडलेली नाकं तिने जन्मभर पाहिली होती. त्यातलंच हे एक, यात तिला तिळमात्र शंका आली नाही. दुसरं कोणी दोषी असेल हे तिच्या मनाला शिवलंही नाही.

तिने भिरभिऱ्यांची पिशवी गॅलरीतल्या खिळ्याला अडकवली. फेकली नाही. पाती हिरव्याच्या पिवळ्या झाल्या, पिवळ्याच्या तपकिरी. तिचा डूख मात्र ओलाच राहिला.

आता उट्टं काढायचं तर कसं? आरडाओरडा हा तिचा मार्ग नव्हता. ती कट्ट्यावर बसली आणि थांबली.

तो कट्टा म्हणजे काय चीज आहे, हे नाहूर-मुलुंडच्या शाळावाल्यांना पुरतं उमगलेलं नाही. ते फ्लेक्स लावतात, नेटवर रेटिंगचे तारे गोळा करतात. पण दिवाळीनंतर तरुण आया दोन-अडीच वर्षांचं पोर कडेवर घेऊन शाळा बघायला निघतात, तेव्हा त्या आधी ऑफिसात जात नाहीत. शाळा सुटायच्या वेळी येतात आणि कट्ट्यावरच्या बायकांना हळूच विचारतात, "शाळा कशी आहे हो?" त्या कट्ट्यावर फाटकाच्या सगळ्यात जवळची जागा आता रुक्मिणीची होती. ती अर्धा तास आधीच येऊन बसायची.

"चांगली आसा गो," ती म्हणायची. मग जरा थांबायची. "बाई हुशार. फक्त घरचं माणूस बघून आत घेतात."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! तू बोलतंस बरा. तुका घेतील."

ती पोरगी आपल्या नवऱ्याच्या आईचं बोलणं आठवायची, आणि तिचा चेहरा उतरायचा. मग रुक्मिणी पुढचं सांगायची. यंदा दोन टीचर सोडून गेल्या, आता अक्षता एकटीच. खरं होतं. एकीचं लग्न झालं आणि दुसरी सांताक्रूझला राहायला गेली, एवढं ती सांगत नसे. मग ती समोरच्या रस्त्याकडे बोट करायची. तिथे नवी शाळा उघडली होती, प्लास्टिकची घसरगुंडी, दारावर कार्टूनचं अस्वल. "ती बघलंस? थंय सगळ्यांका आत घेतत म्हणे." हेही खरंच.

आणि जे ती सांगत नव्हती तेही खरंच होतं. जूनमध्ये ऋता वर्गात तोंडातून शब्द काढत नव्हती, आणि अक्षता महिनाभर तिला मांडीवर घेऊन बसली होती. उत्तराबाई सकाळी दारात प्रत्येक मुलापुढे गुडघ्यावर बसून त्याच्या डोळ्यांच्या उंचीला येऊन बोलत, साठीच्या गुडघ्यांनी, बावीस वेळा. पोरीने पहिल्यांदा अख्खं गाणं म्हटलं तेव्हा त्यांनी फाटकावर येऊन आधी ते रुक्मिणीला सांगितलं होतं. पण न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं रुक्मिणीचं मत होतं.

तिची शेजारीण शकु रोज तिच्याबरोबर चालत यायची. तीही मालवणचीच, पण स्वभावाने मवाळ. एकदा म्हणाली, "गो रुक्मिणी, पुरे आता. पोरांची शाळा आसा ती."

"माझी बावीस भिरभिरी परत देवंदेत, मगे पुरे म्हणतंय."

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. दर वर्षी नव्या गटात वीस-बावीस मुलं यायची, यंदा पाच नावं लागली. समोरची घसरगुंडी भरून वाहत होती. फेब्रुवारीत पाकोळीच्या फाटकावर हाताने लिहिलेला कागद लागला. मार्चअखेर शाळा बंद होत आहे, सव्वीस वर्षांच्या सोबतीबद्दल सर्व घरांचे आभार. कट्ट्यावर एकदम कालवा झाला. श्यामसुंदररावांनी चष्मा काढून पुसला. ऋताचं मोठ्या गटाचं वर्ष अजून बाकी होतं, ओजसचंही.

रुक्मिणीने तो कागद दोनदा वाचला. तिला आनंद झाला, आणि तो लपवायचीही तिला गरज वाटली नाही. त्या संध्याकाळी तिने वडे आणि कोंबडीची सागोती केली. जान्हवी टेबलावर बसत म्हणाली, "आई, आज काय विशेष?"

"काय नाय. मन झाला," रुक्मिणी म्हणाली आणि सुनेच्या ताटात तिसरा वडा वाढला.

ऋता जेवली नाही. "शाळा कुठे जाणार, आजी?" एवढंच विचारत राहिली.

शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, प्रत्येक मुलाची फाइल घरच्यांच्या हातात देण्यात आली. वर्षभराची चित्रं, रंगीत हातांचे ठसे, टीचरने लिहिलेल्या नोंदी. ऋताची फाइल उत्तराबाईंनी स्वतः आणून दिली. "आजी, नीट बघा. सगळं आहे आत," त्या म्हणाल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या.

रुक्मिणीने ऋताला शकुबरोबर पुढे पाठवलं आणि कट्ट्यावर बसून फाइल उघडली. सातवीपर्यंत शिकलेली बाई, वाचायला अडत नव्हतं. एक चित्र होतं, मोठी बाई, छोटी मुलगी, आणि दोघींच्या मध्ये हिरवी फुली. भिरभिरं. तिने त्यावरून बोट फिरवलं. मग शेवटचा कागद आला. प्रवेशाचा फॉर्म. 'घरच्या शुक्रवारी कोण येईल?' या प्रश्नापुढे निलेशचं अक्षर. ते तिने झोपेतही ओळखलं असतं. पाटीवर बोट धरून तिनेच ते वळवलं होतं.

'आई किंवा वडील. आजी घरी असते, पण तिला कृपया वर्गात बोलावू नये. तिची भाषा मुलीला लागू नये, अशी आमची इच्छा आहे. हे आजीला कळू देऊ नये, ही विनंती.'

खाली लाल शाईत, शेवटचं अक्षरसुद्धा जपून लिहिलेल्या नोंदी होत्या. '१२ जुलै. वडिलांना फोन केला. आजींना येऊ द्या म्हटलं. नाही म्हणाले.' '९ ऑगस्ट. आईशी बोलले. नवऱ्याला विचारते म्हणाल्या. पुढे काही कळवलं नाही.' '२३ ऑगस्ट. आजी पिशवी घेऊन आल्या. मला काही सांगता आलं नाही. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.' '३० ऑगस्ट. वडिलांना पुन्हा विचारलं. नाही.'

फाटक रिकामं झालं. मग रुक्मिणी उठली आणि आयुष्यात पहिल्यांदा पाकोळीच्या वर्गात शिरली. यादीबिदी विचारायला आता कोणी नव्हतं. उत्तराबाई भिंतीवरची अक्षरं काढून खोक्यात भरत होत्या.

"ह्यो कागद चुकान इलो की काय?" रुक्मिणीने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

"नाही," उत्तराबाई म्हणाल्या. "मी ठेवला."

"तेव्हा सांगूचा होता माका. फाटकार. तोंडावर."

"पालक विश्वासाने लिहितात, आजी. घरातलं घरात राहू द्यायचं, हा माझा नियम. आज शाळा नाही, तेव्हा नियमही नाही." त्यांनी 'झ' खोक्यात टाकला आणि भिंतीकडे बोट केलं. "ती खिडकी बघितलीत? तिच्या पलीकडे तुमचा कट्टा. गेले पाच महिने मी इथे बसून तुमचं सगळं ऐकते आहे. एकेचाळीस मुली आल्या विचारायला. छत्तीस जणी फाटकावरून परत गेल्या. मी उठून बाहेर आले असते आणि हा कागद त्यांच्यासमोर वाचला असता, तर माझी शाळा वाचली असती. रोज मनात यायचं. पण ऋता रोज तुमचंच बोट धरून यायची. म्हणून नाही वाचला."

"मगे आता कित्या दिलास?"

उत्तराबाई पहिल्यांदाच पुरत्या वळल्या. त्यांचे डोळे कोरडे होते आणि त्यात राग होता, सव्वीस वर्षं पोरांसमोर गिळलेला.

"कारण मी काही संत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीसुद्धा हे घेऊन घरी जावं, असं मला वाटलं."

बाळा म्हणायचा ते रुक्मिणीला आठवलं. ही बाईसुद्धा थांबली होती तर! माणसाबद्दलचं खरं, योग्य वेळी, योग्य माणसाच्या हातात. उट्टं काढण्यात आपला हात कोणी धरणार नाही असं तिला आजवर वाटत आलं होतं. ती कागद फाइलमध्ये घालून बाहेर पडली.

सात वाजता निलेश आला. तिने चहाच्या कपाशेजारी तो कागद ठेवला. त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. जान्हवी स्वयंपाकघराच्या दारात थबकली, पुढे आली नाही.

"आई, ते तसं नव्हतं गं."

"कसा होता, ता सांग. माझी भाषा काय खरूज आसा? चेडवाक लागात ती?"

निलेशने कप बाजूला सरकवला. मग बोलला, आणि बोलताना तो छत्तीस वर्षांचा राहिला नाही. "मला वर्गात सगळे 'माका' म्हणायचे. दुसरीपासून सातवीपर्यंत. माझं नाव निलेश आहे हे मास्तरसुद्धा विसरले होते. उभं करायचे आणि म्हणायचे, माका, बोल काहीतरी, जरा हसू दे सगळ्यांना. पुढच्या वर्षी मोठ्या शाळेत ऋताचा इंटरव्ह्यू. मला नको होतं तिला तसं कोणी म्हणायला. बस्स."

"आणि माका ह्या कधी सांगलंस नाय?"

"तुला सांगितलं असतं तर तू त्या मास्तरांची वाट लावली असतीस, आई! मग मला अख्ख्या शाळेने खाल्लं असतं. तुला काही सांगायची भीतीच वाटायची. अजून वाटते."

विद्याधरला चार वर्षांनी पाणी पाजणारी बाई, पण पोटच्या पोरावर उट्टं कसं काढायचं हे तिला येत नव्हतं. तिला रडू आलं आणि त्याचाही राग आला. तरी हात अगदीच रिकामे ठेवले तर ती रुक्मिणी कसली! दोन दिवस ती निलेशशी एक अक्षर बोलली नाही. जेवायच्या वेळी ऋताला जवळ घेऊन कानात सांगायची, आणि पोर हॉलमध्ये जाऊन कमरेवर हात ठेवून बापाला खणखणीत आवाजात म्हणायची, "बाबा, जेवूक येवा!" निलेश मुकाट्याने उठून यायचा. दुसऱ्या दिवशी पोरीला सांगावंही लागलं नाही. ती आपल्या मनाने म्हणाली, "बाबा, तुमका वरण होया?" आणि निलेशचा घास हातातच राहिला. रुक्मिणीने ते डोळे भरून पाहिलं. पण आपलं ताट तिने अर्धंच टाकून उचललं.

सोमवारी सकाळी निलेश आणि जान्हवी कामाला गेले. ऋता दप्तर पाठीला लावून, पाण्याची बाटली गळ्यात घालून दारात उभी.

"आजी, चल ना. उशीर झाला."

"बाय, शाळा बंद झाली मा गो."

"पण आपण जाऊया ना. कट्ट्यावर बसूया."

पोरीला नाही म्हणणं रुक्मिणीला कधी जमलं नव्हतं. निघताना तिने गॅलरीतल्या खिळ्यावरची पिशवी काढली आणि कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेली. ती टाकायचंही जमलं नाही. पिशवी काखोटीला मारून ती निघाली. कट्टा रिकामा होता. फाटकाला कुलूप, खिडकी बंद, हाताने लिहिलेला कागद कोणीतरी फाडून नेलेला. ऋताने पिशवीतून एक भिरभिरं काढलं. ते इतकं वाळलं होतं की वाऱ्यावर धरताच त्याची एक पात तुटून पडली. तिने दुसरं काढलं, त्याचंही तेच झालं.

समोरून एक तरुण मुलगी आली, कडेवर दोन वर्षांचं लेकरू, खांद्याला ऑफिसची बॅग. कुलपाकडे बघून घोटाळली आणि कट्ट्याकडे वळली.

"मावशी, ही पाकोळी ना? माझी बहीण शिकली इथे. शाळा कशी आहे हो?"

रुक्मिणीने तिच्याकडे पाहिलं. जन्मभर ती खोटं बोलली नव्हती. आज बोलता आलं असतं. समोर नवी शाळा झाली, म्हणून ही बंद पडली, एवढं म्हटलं असतं तरी त्या पोरीने मान हलवून वाट धरली असती. शेजारी ऋता तिसरं भिरभिरं पिशवीतून काढत होती आणि आजी काय बोलते ते ऐकत होती.

"खूप चांगली होती," रुक्मिणी म्हणाली. "माझी नात हय बोलूक शिकली."

"अरेरे! मग बंद कशी काय पडली?"

"मी पाडलंय," रुक्मिणी म्हणाली.